वर्डमधलं टेबल: शीर्षकाची ओळ पुढच्या पानावर येत नाही, आणि मात्रा कापल्या जातात

वाचनालय_ताई

नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरात आम्ही काही जण मिळून वस्तीचं एक लहान वाचनालय चालवतो. दाखल नोंदवहीत १,१४० पुस्तकं आहेत. नोंदवही जुनी झाली, पानं सुटायला लागली, म्हणून सगळी यादी वर्डमध्ये टाइप करायचं मी अंगावर घेतलं. वार्षिक सभेत छापील प्रत ठेवायची आहे आणि सभेला आता अडीच आठवडे उरलेत.

रकाने आठ आहेत: दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, शेरा. अडचणी अशा:

शीर्षकाची ओळ फक्त पहिल्या पानावर दिसते. लेआउटमधलं 'रिपीट हेडर रोज' दाबून पाहिलं, काही फरक नाही.

ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून सगळ्यांची उंची एकच ठेवली. छापून पाहिलं तर 'कैवल्य'मधल्या दोन्ही मात्रा वरून कापलेल्या, रफार तर दिसतच नाही.

एका रकान्यात लांब नाव टाइप केलं की बाकीचे रकाने आपोआप सरकतात. काल रात्री 'प्रकाशक' इतका आखडला की एकेक अक्षर खाली खाली उतरलं.

शेवटी एक कोरं पान येतं, ते काही केल्या जात नाही.

शिवाय पहिली साधारण ३०० पुस्तकं मी टेबल न करता स्पेस देऊन देऊन रकान्यांसारखी मांडली होती. ती पुन्हा टाइप करावी लागतील का? कृपया नीट समजावून सांगा, मला शिकायचं आहे.

बर्डीचा_डीटीपीवाला

ताई, घाबरू नका, यातलं सगळं सुटते. मी बर्डीत (सीताबर्डीत) बावीस वर्षांपासून हेच करून राहिलो.

आधी शीर्षकाचं. एक सांगा, टेबल पानाच्या मधोमध आणायला तुम्ही डाव्या कोपऱ्यातल्या चार बाणांच्या खुणेला माउसने धरून ओढलं होतं का?

वाचनालय_ताई

हो! ओढलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

बर्डीचा_डीटीपीवाला

कारण दहातल्या सात फायलींमध्ये हेच असते. ओढलं की वर्ड त्या टेबलला चित्रासारखं 'तरंगतं' करते, म्हणजे आजूबाजूने मजकूर वाहू शकेल असं. टेबल प्रॉपर्टीजमध्ये जा, पहिल्याच टॅबवर खाली 'टेक्स्ट रॅपिंग' आहे. तिथे 'अराउंड' झालेलं दिसेल. ते 'नन' करा. अराउंड असेपर्यंत शीर्षक पुढच्या पानावर येत नाही, बटण कितीही दाबा. टेबल मधोमध पाहिजे असेल तर त्याच टॅबवर 'अलाइनमेंट'मध्ये 'सेंटर' आहे, ओढायची गरजच नाही.

मग कर्सर पहिल्या ओळीत ठेवून 'रिपीट हेडर रोज'. शीर्षक दोन ओळींचं असेल तर दोन्ही ओळी सिलेक्ट करा, पण सुरुवात पहिल्या ओळीपासूनच झाली पाहिजे. नुसती दुसरी ओळ निवडली तर चालत नाही.

आणि मध्येच नवीन पान पाहिजे म्हणून कंट्रोल एंटर मारलं असेल तर तेही काढा. त्याने टेबलचे दोन तुकडे होतात आणि खालच्या तुकड्याला वरचं शीर्षक माहीत नसते.

प्रबंधग्रस्त

बाप्पा! माझ्या पीएचडीच्या प्रबंधात चाळीसेक तक्ते आहेत आणि मी प्रत्येक पानावर शीर्षकाची ओळ कॉपी-पेस्ट करून ठेवली होती. वर एक वाक्य वाढवलं की सगळ्या ओळी पानाच्या मधे यायच्या. आज दोन तास बसून सगळ्या काढल्या. धन्यवाद भाऊ.

सिव्हिल_लाईन्स

मात्रांचं मी सांगतो. टेबल प्रॉपर्टीजमधल्या 'रो' टॅबवर उंचीसमोर दोन पर्याय असतात, 'ॲट लीस्ट' आणि 'एक्झॅक्टली'. ताईंनी एक्झॅक्टली घेतलं असणार. एक्झॅक्टली म्हणजे तेवढीच उंची, त्यात न मावलेलं सरळ कापलं जातं. इंग्रजीत ते खपून जातं, कारण अक्षराच्या वर फारसं काही नसतं. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. 'ॲट लीस्ट' ठेवा, ०.७ सेंटिमीटर द्या. गरज पडली तर ओळ स्वतः वाढेल.

दुसरीकडे हेच कापणं परिच्छेदाच्या 'लाइन स्पेसिंग'मुळेही होतं. तिथेही 'एक्झॅक्टली' १२ पॉइंट वगैरे असेल तर 'सिंगल' करा. दोन्ही ठिकाणी पाहा, एकीकडे बदलून दुसरीकडे तसंच राहिलं तर माणूस हैराण होतो.

अजनीकर

फॉन्ट कोणता आहे ताई? मंगल असेल तर ओळी उगाच उंच होतात, त्याची ओळींमधली जागाच मोठी आहे. निर्मला यूआय किंवा कोकिळा लावून पाहा. कोकिळा दिसायला लहान आहे, मंगलच्या ११ च्या जागी कोकिळा १५-१६ घ्यावा लागतो. पण पानं कमी होतात.

वाचनालय_ताई

मंगलच आहे. पण फॉन्टचा आकार बदलला तरी मराठी अक्षरं कधी कधी तेवढीच राहतात, इंग्रजी आकडे मात्र बदलतात. हे काय?

अजनीकर

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतं आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा सगळं वेगळं लिहून ठेवतं. कंट्रोल डी दाबा, फॉन्टची खिडकी उघडेल. खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग आहे, तिथे फॉन्ट आणि आकार द्या. त्याहून चांगलं म्हणजे टेबलसाठी एक स्वतंत्र स्टाइल, म्हणजे फॉन्ट-आकाराचा साठवलेला साचा, बनवा आणि हे सगळं तिच्यात एकदाच भरा.

कळमना_हिशेब

मला एक कळत नाही. १,१४० ओळींची यादी वर्डमध्ये काहून? हे काम एक्सेलचं आहे. मी संत्र्याच्या अडतीवर हिशेब लिहितो. आंबिया बहाराचा माल यायला लागला की दिवसाला दोनशे-तीनशे ओळी होतात. क्रमाने लावायचं, नको ते गाळायचं, बेरीज करायची तर एक्सेलच पाहिजे. वर्डमध्ये बेरीज होते म्हणतात, पण मी एकदा फसलो आहे. 'सम अबव्ह' (वरच्या आकड्यांची बेरीज) टाकलं, मधे एक घर रिकामं होतं, तर बेरीज तिथूनच खालची आली. वरचे सगळे आकडे गायब. आणि वरचा आकडा दुरुस्त केला तरी बेरीज जुनीच राहते, तिच्यावर जाऊन एफ नाइन दाबावं लागते.

बर्डीचा_डीटीपीवाला

भाऊ, बेरजेचं तुमचं शंभर टक्के खरं. रिकाम्या घरात शून्य टाकलं तर बेरीज पूर्ण येते, पण पैशाचा हिशेब वर्डवर कधीच सोडू नये.

पण ताईंचं काम यादी छापायचं आहे. पुस्तकाचं नाव दोन ओळींत गेलं, लेखक तीन जण असले, शेऱ्यात 'मुखपृष्ठ फाटले, शिवून घेतले' असं लिहिलं, तर वर्डमध्ये ते घरातच नीट बसते आणि पानाची मांडणी हातात राहते. एक्सेलमध्ये ओळीची उंची पडद्यावर बरोबर दिसते आणि छापताना शेवटची ओळ कापल्या जाते. मी रोज पाहतो.

सिव्हिल_लाईन्स

दोघांचं जुळवता येईल. मूळ नोंदी एक्सेलमध्ये ठेवा, छापायच्या वेळी कॉपी करून वर्डमध्ये आणा. पेस्ट करताना 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' निवडा, म्हणजे एक्सेलचे फॉन्ट आणि रंग सोबत येणार नाहीत.

कळमना_हिशेब

हे पटलं. मूळ प्रत एक्सेलला, छापायला वर्ड.

लिनक्सप्रेमी

वर्डसारख्याच लिब्रेऑफिस रायटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगते. वाचनालयाला पैसे खर्च करायचे नसतील तर ते फुकट आहे आणि यातलं जवळपास सगळं त्यात होतं. कंट्रोल एफ बारा दाबलं की टेबलची खिडकी येते, तिथेच 'हेडिंग' आणि 'रिपीट हेडिंग रोज ऑन न्यू पेजेस' असतं. फाइल ओडीटी या प्रकारात राहते. तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा मान्य नमुना आहे, २००६ पासून. वर्डचा डॉकएक्सही २००८ मध्ये आयएसओने घेतला, म्हणून दोन्हीकडे फायली उघडतात. रकान्यांची रुंदी मात्र इकडून तिकडे जाताना एकदा तपासावी.

रेमिंग्टन_महाल

वय ७१. महालात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचो. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आमच्या वेळी परीक्षेत स्टेटमेंट असायचं, म्हणजे तक्ताच. यंत्रावर तो कसा मांडायचा ते पाहा. आधी प्रत्येक रकान्यातला सर्वांत लांब शब्द शोधायचा आणि त्याच्या जागा मोजायच्या. समजा पाच रकान्यांचे ८, २२, १४, ६ आणि १० झाले. एकूण ६०. पायका यंत्रावर इंचाला १० जागा बसतात, त्यामुळे सव्वाआठ इंचांच्या कागदावर साधारण ८२. उरल्या २२. त्या चार मोकळ्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंचे समास यांत वाटायच्या. मग यंत्रामागचे जुने टॅब स्टॉप काढायचे, नवे बसवायचे आणि तेव्हा कुठे पहिलं अक्षर उमटायचं. मोजणी चुकली तर चौथा रकाना कागदाबाहेर, आणि कागद केराच्या टोपलीत.

ताईंचे रकाने सरकतात त्याचं कारण मला वाटतं हेच आहे की रुंदी आधी ठरवलेली नाही, ती यंत्रावर सोडली आहे. कागद आडवा घ्या. ए फोर आडवा २९.७ सेंटिमीटर. दोन्हीकडे २ सेंटिमीटर समास सोडले की २५.७ उरतात. मी अशी वाटणी करीन: दाखल क्रमांक १.८, ग्रंथाचे नाव ७.५, लेखक ५.५, प्रकाशक ४.४, वर्ष १.६, पृष्ठे १.६, किंमत १.८, शेरा १.५. बेरीज करून पाहा, बरोबर २५.७ येते.

नातवाला विचारलं तर तो म्हणाला, टेबल प्रॉपर्टीजच्या 'कॉलम' टॅबवर हे आकडे जसेच्या तसे भरता येतात.

अजनीकर

काका, नमस्कार तुम्हाला. नातवाच्या उत्तरात एकच भर घालतो. त्याच खिडकीत पहिल्या टॅबवर 'ऑप्शन्स' आहे, तिथे 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' ही खूण काढायची. ती असेपर्यंत काकांनी दिलेले आकडे टिकणार नाहीत, लांब नाव आलं की वर्ड पुन्हा रकाने ताणेल. लेआउटमधल्या ऑटोफिटमध्ये 'फिक्स्ड कॉलम विड्थ' घेतलं तरी तेच होतं.

पोहेवाली

रेमिंग्टनकाका, मी तुमच्याकडेच शिकले असेन बहुतेक! महालात, पहिल्या माळ्यावर, खाली पोह्यांची गाडी. दुपारी खिडकीतून तर्रीचा वास यायचा आणि ४० शब्दांच्या स्पीडमध्ये चुका व्हायच्या. तुम्ही टॅब लावायला शिकवलं म्हणून आज एका शाळेच्या ऑफिसात निकालपत्रकं मी एकटी काढते.

रेमिंग्टन_महाल

पोह्यांची गाडी होती खरी. मग आमचीच विद्यार्थिनी. बरं वाटलं, पोरी.

वाचनालय_ताई

काका, तुमची वाटणी जशीच्या तशी घेतली. ऑटोमॅटिक रिसाइझची खूणही काढली. पडद्यावर आता नोंदवहीसारखंच दिसतंय. आता त्या ३०० पुस्तकांचं सांगा ना कोणीतरी, जी स्पेस देऊन मांडली आहेत.

बर्डीचा_डीटीपीवाला

पुन्हा टाइप करू नका. एका रकान्यानंतर तुम्ही पाच-सात स्पेस दिल्या असतील, त्या सगळ्यांच्या जागी एकच टॅब आणायचा. फाइंड अँड रिप्लेसमध्ये 'फाइंड'मध्ये तीन स्पेस, 'रिप्लेस'मध्ये टोपीचं चिन्ह (कीबोर्डवर शिफ्ट सिक्स) आणि त्याला लागून इंग्रजी लहान टी. तीच टॅबची खूण आहे. 'रिप्लेस ऑल'. आता कुठे कुठे दोन टॅब लागून येतील, म्हणून दुसऱ्या फेरीत दोन टॅबच्या जागी एक करा, जोपर्यंत 'शून्य बदल' म्हणत नाही तोपर्यंत. उरलेली एखाद-दुसरी स्पेस टॅबच्या बाजूला राहील, तीही अशीच काढा.

मग सगळं सिलेक्ट करा, इन्सर्ट, टेबल, 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल'. रकाने ८, 'सेपरेट टेक्स्ट ॲट'मध्ये 'टॅब्स'. झालं.

एक सांभाळा: जिथे रकाना रिकामा होता, म्हणजे किंमत लिहिली नव्हती वगैरे, तिथे दोन टॅबचा एक केल्यावर पुढचा मजकूर एक घर डावीकडे सरकेल. अशा ओळींत आधीच एक आडवी रेघ टाकून ठेवा.

प्रबंधग्रस्त

टॅबच का? स्वल्पविराम चालणार नाही का? मी बाहेरून मिळालेली माहिती नेहमी स्वल्पविरामानेच तोडतो.

बर्डीचा_डीटीपीवाला

आकड्यांच्या माहितीत चालेल. पुस्तकांच्या यादीत नाही. दोन संपादक असले की नावांच्या मधे स्वल्पविराम येतो, तिथे वर्ड नवीन घर उघडेल. टॅब कोणी पुस्तकाच्या नावात टाकत नाही.

सिव्हिल_लाईन्स

टेबल जोडण्याचा विषय निघालाच आहे तर माझा एक अनुभव सांगतो, ताईंना ३०० ची आणि ८४० ची टेबलं जोडताना उपयोगी पडेल.

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. हिवाळी अधिवेशनासाठी सगळं नागपुरात आलेलं. विधिमंडळातल्या एका तारांकित प्रश्नाच्या उत्तराला जोडायचं विवरणपत्र रात्री नऊ वाजता मागवलं गेलं. नागपूर विभागाचे सहा जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. सहा जिल्ह्यांकडून सहा वर्ड फायली आल्या. एकात सात रकाने, एकात आठ, एकात 'तालुका' पहिला तर दुसऱ्यात तिसरा. दोन फायली जुन्या फॉन्टमधल्या, आमच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, म्हणून सगळी रोमन अक्षरं आणि खुणांची खिचडी दिसत होती. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसेल अशा मराठीत, बदलून घेण्यातच बारा वाजले.

मग टेबलं एकाखाली एक ठेवली. दोन टेबलांच्या मधे जो रिकामा परिच्छेद असतो तो डिलीट केला की ती आपोआप एक होतात. पण माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही की जोडल्यावर रुंदी एक होत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या उभ्या रेघा आपापल्या जागी राहिल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. मग एकेक रेघ माउसने ओढत बसलो, आणि जितकं ओढलं तितकं बिघडलं. शेवटी पहाटे तीनला सगळं रद्द केलं, सहाही टेबलांना आधी तीच रुंदी आकड्यांत भरली, तेच रकाने त्याच क्रमाने केले आणि मग मधले परिच्छेद काढले. वीस मिनिटांत झालं. बाहेर इतकी थंडी होती की हात चालत नव्हते, आणि सकाळी सातला फाइल गेली.

तर ताई, आधी दोन्ही टेबलांना काकांचे आकडे भरा, नंतरच जोडा.

वाचनालय_ताई

वाचूनच थंडी वाजली. आधी रुंदी, मग जोडणी, लिहून ठेवलं.

लिनक्सप्रेमी

दाखल क्रमांकाच्या रकान्याला आपोआप येणारे क्रमांक द्या की. रकाना सिलेक्ट करून नंबरिंगचं बटण दाबलं की १ ते १,१४० एका झटक्यात.

पोहेवाली

माझ्या मते इथे ते अजिबात करू नये. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तकाची जन्मभराची ओळख, तो पुस्तकावर शिक्का मारून लिहिलेला असतो. एखादं पुस्तक हरवलं, बाद झालं, तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. आपोआप क्रमांक दिले आणि मधली एक ओळ खोडली तर खालच्या सगळ्या पुस्तकांचे क्रमांक बदलतील, आणि कपाटातलं एकही पुस्तक यादीशी जुळणार नाही. आमच्या शाळेच्या हजेरीपटात हा गोंधळ एकदा झालेला आहे. निकालपत्रकाचा नुसता अनुक्रमांक असेल तर आपोआप चालेल.

लिनक्सप्रेमी

खरंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी सूचना मागे घेते.

ऐकणारा

मी दृष्टिहीन आहे. संगणक एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, वापरतो. तुमच्या यादीसारख्या फायली मला वरचेवर लागतात, म्हणून माझ्या बाजूने काही सांगावंसं वाटतं.

तुम्हा लोकांना टेबल म्हणजे रेघा दिसतात. मला रेघा नाहीत. मी कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबत घराघरातून फिरतो. उजवीकडे गेलो की रीडर आधी रकान्याचं शीर्षक बोलतो, मग आतला मजकूर: 'लेखक', मग नाव, 'वर्ष', मग आकडा. हे व्हायला शीर्षकाची ओळ पहिली आणि एकच हवी. कोणी सुंदर दिसावं म्हणून शीर्षकात दोन मजले करतं, वर 'प्रकाशन' असं एक मोठं जोडलेलं घर आणि खाली 'प्रकाशक' व 'वर्ष'. तिथे माझी मोजणी बिघडते. जोडलेल्या घराच्या पलीकडे गेलो की कितव्या रकान्यात आहे तेच समजत नाही.

आणि ताई, तुमची ती स्पेसवाली ३०० पुस्तकं मला कशी ऐकू आली असती सांगू? एक ओळ सलग. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आकडा, आकडा, आकडा. लांब नाव दुसऱ्या ओळीत उतरलं असेल तर पहिलं अर्धं नाव, मग लेखक, मग किंमत, आणि त्यानंतर नावाचा उरलेला अर्धा भाग. शाळेत असताना माझे निकाल अशाच तक्त्यांत यायचे. कोणते गुण कोणत्या विषयाचे हे मला आईकडून वाचून घ्यावं लागे.

म्हणून विनंती: घरं जोडू नका, शीर्षकाची ओळ 'रिपीट हेडर'ने ठरवून द्या, आणि पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी' ही खूण ठेवा.

सिव्हिल_लाईन्स

हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तीन-तीन मजली शीर्षकं असतात आणि मीही बनवली आहेत. उद्यापासून शक्य तिथे एकाच ओळीत करीन.

बर्डीचा_डीटीपीवाला

भाऊ, रिपीट हेडर मी बावीस वर्षं फक्त छपाईसाठी करत आलो. ते ऐकायलाही लागते हे आज कळलं.

अजनीकर

ताईंचा एक प्रश्न अजून राहिलाच आहे, शेवटचं कोरं पान. टेबलनंतर वर्ड एक परिच्छेद ठेवतंच, तो काढता येत नाही. टेबल पानाच्या अगदी तळाशी संपलं की तो परिच्छेद पुढच्या पानावर ढकलला जातो, तेच तुमचं कोरं पान. तिथे कर्सर ठेवा, फॉन्टचा आकार १ करा, परिच्छेदाच्या आधीची-नंतरची जागा शून्य, लाइन स्पेसिंग सिंगल. पान गेलं पाहिजे.

एक राहिलं: 'रो' टॅबवर 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' ही खूण काढा, नाहीतर एका पुस्तकाचं अर्धं नाव या पानावर आणि अर्धं पुढच्या.

कळमना_हिशेब

किंमत आणि पृष्ठांचे आकडे उजवीकडे सरकवा ताई. एककाखाली एकक आला की डोळ्याला चूक लगेच दिसते. अडतीवर आम्ही हातानेही तसंच लिहितो.

वाचनालय_ताई

सगळ्यांना कळवते. काल रात्री अकरापर्यंत बसले आणि आज सकाळी पुन्हा. अराउंडचं नन केलं, त्याच क्षणी शीर्षक सगळ्या पानांवर आलं, मी खुर्चीतून उठून मिस्टरांना दाखवायला गेले. उंची ॲट लीस्ट ०.७ केली, 'कैवल्य' पूर्ण दिसतो. ३०० पुस्तकांचं टेबल चार फेऱ्यांत झालं. दोन्हींना काकांची रुंदी भरून मगच जोडली, एकही रेघ सरकली नाही. आधी ६१ पानं होत होती, आता ५४, आणि कोरं पान नाही. किंमत, पृष्ठे उजवीकडे. मूळ प्रत एक्सेलमध्ये करायचं सभेनंतर घेईन.

'ऐकणारा' यांना विशेष विनंती. फाइल तुम्हाला पाठवू का? आमच्या वाचनालयात दृष्टिहीन वाचक अजून कोणी नाही, पण यादी तुम्हाला नीट ऐकू येते का हे मला छापायच्या आधी जाणून घ्यायचं आहे.

ऐकणारा

जरूर पाठवा. आज संध्याकाळी बसतो.

बर्डीचा_डीटीपीवाला

ताई, छापायला कुठेही द्या, पण डॉकएक्स देऊ नका, पीडीएफ द्या. दुकानात तुमचा फॉन्ट नसला की ५४ ची ६० पानं होतील.

ऐकणारा

ताई, फाइल मिळाली. पहिली पाचशे पुस्तकं ऐकून झाली. शीर्षकं प्रत्येक रकान्याला व्यवस्थित बोलतात, कुठेही अडखळलो नाही. मनापासून आभार.

पण काही सापडलं आहे. दाखल क्रमांक २१२ ला रीडर म्हणतो, 'वर्ष ३१६, पृष्ठे ८५, किंमत रिकामी'. ३१६ हे वर्ष असणार नाही, ती पृष्ठं असावीत आणि ८५ किंमत. तिथे सगळं एक घर डावीकडे सरकलं आहे. तसंच २३९, २६० आणि २८८ ला. चारही पहिल्या तीनशेतलेच आहेत.

वाचनालय_ताई

अगदी बरोबर! आत्ता मूळ नोंदवही काढून पाहिली. चारही पुस्तकांचं प्रकाशन वर्ष नोंदवहीत लिहिलेलं नाही, आणि तिथे आडवी रेघ टाकायची माझ्याकडून राहिली. यादी मी तीनदा डोळ्यांखालून घातली होती, मिस्टरांनी एकदा. आम्हा दोघांनाही दिसलं नाही. चारही दुरुस्त केलं. छपाई दोन दिवस पुढे ढकलते, उरलेली ६४० पुस्तकं ऐकाल का?

ऐकणारा

ऐकतो. उद्या सकाळपासून ५०१ पासून पुढे. आणि २६० क्रमांकाचं पुस्तक सध्या कपाटात असेल तर बाजूला काढून ठेवा, ते मला कोणाकडून तरी वाचून घ्यायचं आहे.

पोहेवाली

मी वाचून देते. रविवारी मोकळी असते. ताई, पत्ता निरोपातून कळवा.